वाईट महिन्याची बेगमी

शाळेत माणसाच्या अन्नाचा इतिहास मला एखाद्या जिन्यासारखा शिकवला गेला. सर्वांत खालच्या पायरीवर शिकार आणि कंदमुळे, तिच्यावर पशुपालन, त्याच्यावर शेती आणि अगदी वर यंत्रयुग; शिवाय प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्यापेक्षा शहाणा आणि अधिक पोटभर जेवणारा. हे चित्र इतके सोपे होते की ते मनातून जायला बरीच वर्षे लागली, आणि गेले तेही एका साध्या सवयीमुळे. एखाद्या समाजाबद्दल वाचताना तो काय खातो हे पाहण्याआधी, वर्षातला सर्वांत वाईट महिना तो कसा काढतो, हे मी शोधू लागले. सुगीत बहुतेक समाजांचे बरे चाललेले असते. आधीचा साठा संपला आहे आणि नवे अन्न अजून हाती आलेले नाही, अशा दिवसांसाठी कोणी कशाची बेगमी करून ठेवली आहे, यावरच त्या समाजाची बाकीची घडी पुष्कळशी अवलंबून असते, असे मला वाटते.

आफ्रिकेच्या दक्षिणेकडील कलाहारी वाळवंटात शिकार आणि रानातल्या अन्नावर जगणाऱ्या जुहोआन्सी लोकांपासून सुरुवात करते, कारण त्यांच्याविषयीच्या एका आकडेवारीने त्या जिन्याला पहिला तडा दिला. मानवशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी १९६४ मध्ये बोत्स्वानातील डोबे येथे चार आठवडे रोज कोण अन्नासाठी बाहेर पडले, काय घेऊन आले आणि किती लोकांनी खाल्ले याची नोंद ठेवली. प्रौढ माणसे अन्न मिळवण्यासाठी आठवड्यातून सरासरी अडीच दिवसही खर्च करत नव्हती, असे तिच्यातून दिसले. पुढे ली यांनीच हत्यारे करणे, दुरुस्त्या, स्वयंपाक आणि घरकाम यांचे तास त्यात मिळवले, तेव्हा ही बेरीज आठवड्याला चाळीस तासांच्या पुढे गेली. त्यामुळे ‘मौजेत जगणारे आदिमानव’ ही पुढे लोकप्रिय झालेली कल्पनाही पुरती खरी नाही. त्यांचा मुख्य आधार होता मोंगोंगोच्या झाडाचा. या झाडाची मुळे खोल जातात, दुष्काळी वर्षातही ते फळते आणि खाली पडलेल्या फळातल्या बीचा गर अनेक महिने खाण्याजोगा राहतो. म्हणजे साठवणीचे निम्मे काम झाडच करत होते.

पण मोंगोंगो बुडाला तर काय? फिरत्या माणसाला कोठार बांधता येत नाही, कारण जे पाठीवर वाहता येत नाही ते त्याच्या कामाचे नसते. जुहोआन्सींनी याचे जे उत्तर शोधले, ते मानवशास्त्रज्ञ पॉली विस्नर यांनी सविस्तर अभ्यासले आहे. त्याचे नाव हक्सारो. दूरदूरच्या माणसांशी मण्यांचे दागिने, बाण, कपडे अशा भेटींची देवाणघेवाण वर्षानुवर्षे चालू ठेवायची. भेट मिळाली की लगेच परतफेड करायची नाही, तर काही काळ जाऊ द्यायचा, म्हणजे नाते उघडे राहते. त्या मण्यांना खायचा काही उपयोग नाही. त्यांच्यामुळे मिळतो तो हक्क: आपल्याकडे वाईट दिवस आले की त्या माणसाच्या परिसरात जाऊन राहण्याचा आणि तिथले पाणी व अन्न वापरण्याचा. विस्नर तिथे असतानाच, १९७४ मध्ये, वाऱ्याने मोंगोंगोचे पीक झोडपले आणि अतिवृष्टीने बाकीचे अन्नही दुर्मीळ केले, तेव्हा त्या वस्तीतली निम्म्याच्या आसपास माणसे आपापल्या हक्सारो-सोबत्यांकडे निघून गेली. बेगमी माणसांमध्ये करून ठेवलेली होती.

शेती न करणारे सगळेच मात्र असे हलके सामान घेऊन फिरणारे नव्हते. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील हैडा, त्लिंगित आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी धान्य पेरले नाही, तरी ते देवदाराच्या फळ्यांच्या मोठ्या घरांत, हिवाळी गावांत राहत. त्यांच्यात सरदार होते, मानाच्या पायऱ्या होत्या आणि गुलामही होते. ही सारी रचना उभी होती ती साल्मन माशावर. साल्मन अंडी घालायला नदीत चढतो तो ठरावीक आठवड्यांत आणि प्रचंड संख्येने. तो पकडणे फार अवघड नसते, पण सडण्याआधी चिरून, वाळवून, धुरावर धरून टिकाऊ करायला एकाच वेळी पुष्कळ हात लागतात. ज्याच्या हुकमतीत अधिक हात, त्याचे हिवाळ्यातले कोठार मोठे. तिथल्या विषमतेचे हे कारण मला सर्वांत पटते, कारण त्यात शेतीचा संबंधच येत नाही. साठवण आली की ती कोणाची, हा प्रश्न येतोच.

याच किनाऱ्यावर हिवाळ्याच्या अखेरीस, सुका साठा संपत आलेला असताना, युलाकॉन नावाचा लहानसा मासा नद्यांमध्ये येतो. तो इतका तेलकट असतो की वाळवून पेटवला तर मेणबत्तीसारखा जळतो. लोक त्याला तारणहार मासा म्हणत आणि त्याचे तेल डोंगरांपलीकडच्या लोकांपर्यंत पायवाटांनी विकायला जाई. तेलाला एवढे मोल का, हे शरीरशास्त्राकडे पाहिले की कळते. हिवाळा सरता सरता शिकारीचे प्राणीही रोडावलेले असतात, आणि नुसते चरबीविरहित मांस कितीही खाल्ले तरी माणूस त्यावर जगू शकत नाही, कारण प्रथिनांपासून ऊर्जा मिळवण्याची यकृताची क्षमता मर्यादित आहे. पोट भरलेले असताना माणूस उपासमारीने खंगत जातो.

पशुपालकांविषयी थोडक्यात सांगते. जिथे पाऊस पिकापुरता पडत नाही तिथेही गवत उगवते. माणसाला गवत पचत नाही, पण गाय, उंट, मेंढी त्याचे दूध करतात. कळप हे चालते कोठार आहे, मात्र एका साथीत किंवा एका अवर्षणात ते रिकामे होऊ शकते. म्हणून पूर्व आफ्रिकेतील मासाई लोकांत ओसोतुआ नावाचे नाते असते. या शब्दाचा मूळ अर्थ नाळ. असे नाते जोडलेल्या माणसाने खऱ्या गरजेच्या वेळी जनावर मागितले, तर ज्याला शक्य आहे त्याने ते द्यायचे आणि त्याचा हिशेब ठेवायचा नाही. कलाहारीतले मणी आणि इथली नाळ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन वेगळ्या समाजांनी एकच अडचण ओळखली होती, एवढेच.

आता शेती. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन १९६६ मध्ये तुर्कस्तानातील काराजादाग डोंगराच्या उतारावर गेले आणि तिथला रानटी गहू त्यांनी हाताने व गारगोटीच्या पात्याच्या विळ्याने कापून पाहिला. तासाला एक किलोहून अधिक स्वच्छ धान्य मिळत होते, आणि एखादे कुटुंब तीनेक आठवड्यांत वर्षाला पुरून उरेल इतका गहू गोळा करू शकले असते, असे त्यांचे गणित होते. मग पेरायचे कशासाठी? या प्रश्नाची अनेक उत्तरे दिली गेली आहेत. रानटी गव्हाची ओंबी पिकताच फुटते आणि दाणे मातीत विखुरतात. न फुटणाऱ्या ओंबीचे दाणे कापणीतून अधिक संख्येने घरी येत आणि पुन्हा पेरले जात. अशा कापणी-पेरणीच्या फेऱ्यांतून पाळीव गहू घडायला हजाराहून अधिक वर्षे लागली, असे उत्खननात सापडलेल्या दाण्यांवरून दिसते. कोणी एका सकाळी उठून शेतीचा शोध लावला नाही.

मला मात्र पेरण्यापेक्षा न खाण्याची गोष्ट अधिक थरारक वाटते. बियाणे म्हणजे असे अन्न, जे सर्वांत वाईट महिन्यातही घरात असते आणि ज्याला हात लावायचा नसतो. मुले भुकेली असताना ते धान्य तसेच ठेवून शेवटी मातीत टाकणे, हे शेतीतले सर्वांत कठीण काम आहे, आणि ते हजारो वर्षे निनावी माणसांनी वर्षामागून वर्षे केले आहे. त्यासाठी साठवणीचे ज्ञानही हवे होते. इंग्लंडमध्ये लोहयुगीन वस्त्यांच्या जागी खडूच्या मऊ खडकात खोदलेले शेकडो खड्डे सापडतात. ते पेवे होती का, हे पाहण्यासाठी पुरातत्त्वज्ञ पीटर रेनल्ड्स यांनी १९७० च्या दशकात तशीच पेवे खोदून, धान्य भरून, तोंड चिखलाने बंद करून प्रयोग केले. कडेचे ओलसर दाणे अंकुरतात, आतला प्राणवायू संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. मग आतले बाकीचे धान्य जणू झोपी जाते आणि पुढच्या पेरणीपर्यंत उगवण्याजोगे राहते. थोडे दाणे खर्ची पडून बाकीचे वाचतात.

कोठार भरलेले असणे पुरेसे नसते, हे मक्याने शिकवले. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या बाल्सास नदीच्या खोऱ्यातील तेओसिंते नावाच्या गवतापासून मका घडला, आणि मध्य अमेरिकेतील लोक तो वाळवलेला मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून मगच दळत. युरोपीयांनी मका नेला, ही रीत नेली नाही. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अशा प्रक्रियेशिवाय शरीराला फारसे मिळत नाही. म्हणून स्पेन, इटली आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात, हिवाळाभर जवळजवळ नुसत्या मक्यावर काढलेल्या गरीब घरांत वसंत ऋतू आला की पेलाग्रा हा रोग दिसू लागे: त्वचा सोलली जाई, जुलाब लागत, बुद्धिभ्रंश होई आणि मृत्यूही येई. अमेरिकी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून त्याचा पाठपुरावा करून हा संसर्ग नसून आहाराचा दोष आहे हे दाखवले. बियाणे समुद्रापार गेले, पण ते कसे खायचे हे माहीत असणाऱ्या बायकांना कोणी विचारले नाही, याची मला आजही चीड येते.

अँडीज पर्वतातील बटाट्याची कथाही अशीच आहे. रात्रीच्या हिमात गोठवायचा, दिवसा उन्हात ठेवायचा, पायांनी तुडवून पाणी काढायचे आणि वाळवायचा. असा केलेला चुन्यो वर्षानुवर्षे टिकतो. इंका राज्याने तो, मका आणि कापड यांसाठी डोंगरउतारांवर वाहत्या वाऱ्यात हजारो कोठारे बांधली. एकट्या वानुको पांपा येथे पाचशेच्या आसपास होती. तोच बटाटा आयर्लंडला पोहोचला तेव्हा तिथल्या दमट हवेत चुन्यो करणे शक्यच नव्हते. जुना बटाटा उन्हाळ्याच्या सुरुवातीला संपे, नवा निघायला अवकाश असे, आणि ऐन उन्हाळा हाच गरिबांचा सर्वांत वाईट काळ ठरे. १८४५ मध्ये करपा आला आणि तो काळ कित्येक वर्षे लांबला. दहा लाखांच्या आसपास माणसे मेली, आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली, आणि त्याच वर्षांत धान्य व जनावरे आयर्लंडच्या बंदरांतून बाहेर जात राहिली. अन्न देशात होते. ते कोणाचे, हे जमिनीचा खंड आणि मालकी यांनी ठरवले होते.

आज पैसे असलेल्या माणसाच्या दिनदर्शिकेतून वाईट महिना नाहीसा झाला आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला, आणि आज जगातली अंदाजे निम्मी माणसे त्या अमोनियापासून केलेल्या खतावर पिकलेल्या अन्नाने जगतात. गोलार्ध बदलला की सुगी बदलते, आणि जहाजे ती इकडून तिकडे नेतात. पण वनस्पतींपासून मिळणाऱ्या आपल्या ऊर्जेचा निम्म्याच्या आसपास भार तांदूळ, गहू आणि मका या तीनच पिकांवर आहे, आणि आयर्लंडनंतर तरी आपल्याला याची धास्ती वाटायला हवी. त्या धास्तीपोटी केलेली बेगमी नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर आहे. २००८ मध्ये तिथल्या गोठलेल्या डोंगरात जगभरच्या बियाण्यांचे कोठार उघडले. त्यात सीरियातील अलेप्पोजवळच्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राने गहू, जव, मसूर, हरभरा अशा वाणांचे नमुने ठेवले होते. युद्धामुळे ते केंद्र सोडावे लागले, तेव्हा २०१५ मध्ये स्वालबार्डमधून पहिल्यांदाच बियाणे बाहेर काढले गेले. ते लेबनॉन आणि मोरोक्को येथे पेरले, वाढवले, आणि २०१७ मध्ये नव्या दाण्यांचा काही भाग पुन्हा त्या डोंगरात परत ठेवण्यात आला.