बीएस्सी मायक्रो ते सॉफ्टवेअर टेस्टिंग, आणि मध्ये अडकलेली एक सही

मी कोल्हापुरात बीएस्सी मायक्रोबायोलॉजी केलं, मग एमआयडीसीतल्या एका मसाल्याच्या कंपनीत लॅबला होते आणि आता पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे, काम बरंचसं घरूनच. ओळखीतल्या पोरी सारख्या विचारतात, डिग्री वेगळी असताना घेतलं कसं, कोडिंग यायला लागतं का, क्लास कुठला लावला. ते सगळं सांगते, पण मला खरं रडवलं ते जुन्या कंपनीच्या रिलीव्हिंग लेटरनं, म्हणजे नोकरी रीतसर सोडल्याचा जो कागद कंपनी देते त्यानं. डिग्रीवरून घाबरवणारे शंभर भेटले पण ह्या कागदाबद्दल एकानंही सावध केलं नव्हतं, म्हणून जास्त लिहिणार आहे ते त्याच्यावरच.

शिकायचा भाग पटकन सांगते. राजारामपुरीत क्लासची चौकशी केली, एका ठिकाणी शंभर टक्के जॉबची गॅरंटी म्हणून एवढी फी सांगितली की तिथूनच परत फिरले. आयएसटीक्यूबी फाउंडेशन ही टेस्टिंगची सर्टिफिकेट परीक्षा, तिचा सिलॅबस फुकट डाउनलोड होतो, तो घेतला, बाकी यूट्यूबवरून एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), पोस्टमन (सर्व्हरशी होणारी देवाणघेवाण तपासायचं टूल) आणि जिरा (बग नोंदवायचं टूल). शिफ्ट सुटली की घरी येऊन जेवायचं आणि बसायचं. परीक्षेला ४० प्रश्न असतात, २६ बरोबर आले की पास, निगेटिव्ह मार्किंग नाही. वेळ ६० मिनिटं, पण इंग्रजी आपली मातृभाषा नसेल तर पंचवीस टक्के जास्त म्हणजे ७५ मिनिटं मिळतात, ते बुकिंग करतानाच विचारून घ्या. ह्या परीक्षेला कुठलीच डिग्री लागत नाही.

माझा अनुभव म्हणून दाखवायला काहीच नव्हतं, तेव्हा मामाच्या लक्ष्मीपुरीतल्या दुकानातलं बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं आणि त्याच्या टेस्ट केसेस, म्हणजे काय काय आणि कसं तपासायचं त्याची यादी, लिहिल्या. मामा म्हणाला, "बघ बाई काय करायचं ते, पण माझी बिलं उडवू नको." डिस्काउंट लावल्यावर नगाची संख्या बदलली की डिस्काउंट जुन्याच रकमेवर राहायचा, हा त्यात सापडलेला सगळ्यात भारी बग, मामालाही माहीत नव्हता. ती शीट रेझ्युमेला जोडली. नोकरीच्या साइटवर 'फक्त बीई, बीसीए, एमसीए' असं लिहिलेल्या जागा भरपूर असतात, तिथं फॉर्म भरून काही उपयोग झाला नाही. मला कॉल आला तो कॉलेजच्या एका सीनियर ताईनं रेझ्युमे आत पाठवला म्हणून.

इंटरव्ह्यूत डिग्रीचा प्रश्न एकदाच आला, तुमचं फील्ड वेगळं मग टेस्टिंगच का. मी लॅबमध्ये काय करते ते सांगितलं. मसाल्याच्या प्रत्येक बॅचचं सॅम्पल घ्यायचं, २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला असताच कामा नये, यीस्ट-मोल्डच्या प्लेट २५ डिग्रीला पाच दिवस ठेवायच्या, घाई करून चौथ्या दिवशी रीडिंग घ्यायचं नाही, बाजूला तुलनेसाठी कंट्रोलची प्लेट पाहिजेच, आणि रजिस्टरला नोंद नसेल तर ती टेस्ट झालीच नाही असं धरायचं. बग रिपोर्टही असाच असतो, काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. मग त्यांनी १ ते ५० टक्के डिस्काउंट घेणारा एक रकाना दिला आणि म्हणाले, ह्याला कसं तपासशील. ०, १, ५०, ५१, रिकामा, अक्षरं, उणे आकडा, दशांश, एवढं सांगितल्यावर बास म्हणाले. आठवड्याच्या आत ऑफर आली. त्या दिवशी घरात पेढे वाटले, पप्पांनी तर गल्लीत सगळ्यांना सांगितलं. मला अजून त्याचा अभिमान आहे आणि का असू नये.

आता ते लेटर.

मी राजीनामा ईमेलवरच दिलेला, लॅब हेडनी 'अ‍ॅक्सेप्टेड' असं उत्तर आणि शेवटची तारीख दोन्ही लिहून पाठवलेलं, नोटीस पिरियड पूर्ण केला, शेवटच्या दिवशी नवीन मुलीला इन्क्युबेटरपासून ऑटोक्लेव्हपर्यंत सगळं समजावून दिलं. एचआरनं हातात नो ड्यूजचा, म्हणजे कंपनीचं काही देणं राहिलं नाही याचा, फॉर्म दिला, लॅब, अ‍ॅडमिन, आयटी, कँटीन, स्टोअर, अकाउंट्स, सगळ्यांच्या सह्या. बाकीच्या सह्या दुपारपर्यंत झाल्या. स्टोअरची राहिली. कारण स्टोअर इनचार्ज महिन्यापूर्वीच नोकरी सोडून गेलेले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नव्हतं. स्टोअरमध्ये जो पोरगा होता तो म्हणाला, ताई मला सहीचा अधिकार नाही. एचआर म्हणाले, रकान्यात स्टोअर इनचार्ज लिहिलंय तर इनचार्जचीच पाहिजे. म्हणलं, सर, इनचार्ज नाहीतच की. "आले की घेऊ सही, एवढी काय घाई आहे मॅडम." अहो पण येणार कोण आणि कधी, जाहिरातसुद्धा दिलेली नव्हती!

माझ्याकडं स्टोअरचं काय होतं तर दोन अ‍ॅप्रन आणि लॉकरची किल्ली, ते त्याच दिवशी जमा करून रजिस्टरला सही घेतलेली. रजिस्टरचा फोटो दाखवला. फोटो चालत नाही म्हणाले.

मग सुरू झाल्या फेऱ्या. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये, मेल केला की उत्तर नाही, गाडी काढून हायवेनं तिथं गेलं की गेटवरच थांबवायचे कारण आता आयकार्ड नव्हतं. गेटवरचे मामा रोज मला नमस्कार करणारे, त्यांनाच म्हणायचं, "मामा, सोडा की जरा आत, पाचच मिनिटांचं काम आहे." त्यांचा तरी काय दोष, ते आत फोन लावायचे आणि तिकडून सांगायचे की उद्या या. ज्या लॅबमध्ये मी एकटीनं ऑडिटच्या आदल्या रात्री थांबून रेकॉर्ड लावली, त्या कंपनीच्या गेटवर उन्हात उभं राहायचं, हे मला फार लागलं. पैशाचं नव्हे, फुल अँड फायनल म्हणजे शेवटचा हिशोबही तसाच अडकलेला ते वेगळं. पण माणूस चांगलं काम करून, नोटीस भरून, रीतसर जातोय, त्याला एक कागद द्यायला ह्यांच्या खिशातलं काय जातं?

इकडं नवीन कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे जुन्या नोकरीची पडताळणी, सुरू. तिथल्या एचआर ताई चांगल्या होत्या, त्यांनी लेटर नंतर देते असं लिहून घेऊन जॉइन करून घेतलं, पण व्हेरिफिकेशन करणारी एजन्सी वेगळी असते आणि त्यांना फक्त कागद कळतो. दर थोड्या दिवसांनी मेल, 'रिलीव्हिंग लेटर पेंडिंग'. वरनं दुसरं लफडं, पीएफच्या साइटवर माझ्या सर्व्हिस हिस्ट्रीत जुन्या कंपनीची डेट ऑफ एक्झिट, म्हणजे सोडल्याची तारीखच टाकलेली नव्हती, म्हणजे कागदावर मी अजून मसाल्याच्या कंपनीत आणि इकडं पण जॉइन, एकाच वेळी दोन नोकऱ्या. एजन्सीनं नेमकं तेच विचारलं. त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही, ऑफर परत घेतली तर पप्पांनी वाटलेल्या पेढ्यांचं काय करायचं हेच डोक्यात.

डेट ऑफ एक्झिटचं मात्र आपल्या हातात असतं. ईपीएफओच्या (पीएफ ऑफिसच्या) मेंबर पोर्टलला यूएएननं, म्हणजे आपल्या कायमच्या पीएफ नंबरनं, लॉगिन करायचं, मॅनेजमध्ये मार्क एक्झिट आहे, तिथं जुन्या कंपनीचा पीएफ नंबर निवडून तारीख आणि कारण टाकायचं, आधारला लिंक असलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. अट एकच, शेवटचं काँट्रिब्युशन जमा झाल्यापासून दोन महिने गेलेले पाहिजेत, आणि तारीख त्या शेवटच्या काँट्रिब्युशनच्या महिन्यातलीच टाकता येते. तारीख चुकू नये म्हणून राजीनाम्याच्या मेलमधली तारीख समोर ठेवूनच टाका. दोन महिने झाल्या झाल्या मी ते केलं, सर्व्हिस हिस्ट्रीचा स्क्रीनशॉट एजन्सीला पाठवला आणि दोन नोकऱ्यांचा प्रश्न तिथं संपला.

लेटर सुटलं ते एका मेलनं. तोपर्यंत मी दर वेळी 'लेटर कधी मिळेल' एवढंच विचारायची आणि दर वेळी 'लवकरच' यायचं. मग दादानं सांगितलं, कधी विचारू नको, कोण ते विचार. मी लिहिलं की स्टोअर इनचार्जचं पद रिकामं आहे, तर ह्या रकान्यात सही करायचा अधिकार सध्या कुणाला आहे त्यांचं नाव आणि हुद्दा कृपया लेखी कळवावा. सोबत राजीनामा मंजूर झाल्याचा मेल आणि रजिस्टरचा फोटो जोडला, आणि सीसीला डायरेक्टर साहेब. शिव्या नाहीत, धमकी नाही, अगदी साधी भाषा. दुसऱ्याच दिवशी फोन आला, मॅडम फॉर्म घेऊन या. अकाउंट्सच्या साहेबांनी स्टोअरच्या रकान्यात 'करिता' लिहून सही ठोकली. एका मिनिटाचं काम! लेटर त्याच संध्याकाळी मेलवर आलं. फुल अँड फायनल पण पुढच्या महिन्यात जमा झालं. गाडीवर बसून घरी येताना रस्ताभर रडू येत होतं, सुटल्याचं.

म्हणून जे कुणी फील्ड बदलायच्या विचारात आहात त्यांनी राजीनामा तोंडी देऊ नका, ईमेलवर द्या आणि 'अ‍ॅक्सेप्टेड'चं उत्तर आल्याशिवाय पुढचं काही करू नका. तो मेल आपल्या पर्सनल आयडीला सीसी ठेवा, कंपनीचा आयडी शेवटच्या दिवशी बंद होतो. नो ड्यूजचा फॉर्म शेवटच्या दिवसाची वाट न बघता नोटीस सुरू झाली की मागून घ्या, आणि कुठल्या रकान्यातला माणूस सध्या कंपनीत आहे का ते आधी बघा. सॅलरी स्लिप सगळ्या डाउनलोड करून ठेवा, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंटपण. पीएफ पासबुकमध्ये कंपनीच्या नावानं दर महिन्याच्या नोंदी असतात, लेटर अडकलेलं असताना माझ्या बाबतीत एजन्सीनं तो पुरावा म्हणून घेतला.

नवीन ठिकाणी जॉइन होताना पीएफचा फॉर्म ११ भरून घेतात, त्यात जुना यूएएन लिहा. नवीन यूएएन काढून देतो म्हणाले तर नको म्हणा, १२ आकडी नंबर एकच असतो आणि तोच शेवटपर्यंत चालवायचा. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी आधार, पॅन आणि पीएफवर एकच नाव आहे का ते नोकरी सोडायच्या आधीच तपासा, माझ्या मैत्रिणीचं मार्क एक्झिट जमलं पण पैसे ट्रान्सफर करताना नावावरून अडलं.

आणि कोडिंगचं विचारता ना, मॅन्युअल टेस्टिंगला सुरुवातीला लागत नाही, एसक्यूएल मात्र पाहिजेच, निदान सिलेक्ट आणि जॉइन तरी हाताला बसलेले पाहिजेत. पुढं ऑटोमेशनला, म्हणजे प्रोग्राम लिहून टेस्ट चालवायला, जायचं असेल तर कोडिंगशिवाय चालत नाही, म्हणून मी सध्या सेलेनियम ह्या ऑटोमेशनच्या टूलसाठी जावा शिकतेय, रात्री जेवण झाल्यावर. आयएसटीक्यूबी आधी की नोकरी आधी विचाराल तर फी परवडत असेल तरच आधी द्या, मला इंटरव्ह्यूत त्या सर्टिफिकेटबद्दल काहीच विचारलं नाही, मामाच्या दुकानाच्या शीटवर मात्र चांगला अर्धा तास बोलले.