लाल कार्डापासून जिल्हा परिषदेपर्यंत: माझा अनुभव

नऊ वर्षं मी सरकारी वैद्यकीय अधिकारी होते. त्यातली शेवटची पाच मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. तीस हजारांच्या आसपास लोकसंख्या, सहा उपकेंद्रं. दर पावसाळ्यात तेच एक गाव गॅस्ट्रोच्या तडाख्यात सापडायचं. शाळेच्या व्हरांड्यात गाद्या टाकायच्या, खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या टांगायच्या आणि साथ आटोक्यात आल्याचा अहवाल तालुक्याला पाठवायचा.

२०१५च्या साथीत मी आरोग्यसेवकाला बरोबर घेऊन टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत चालत गेले. टाकीच्या पाण्याची ओ.टी. टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी केली, नळी लगेच पिवळी झाली. म्हणजे पाणी शुद्ध करण्याचं काम पाहणारा गावातला जलसुरक्षक टी.सी.एल. (ब्लीचिंग) पावडर नीट टाकत होता. खालच्या वस्तीतल्या नळाच्या पाण्याला मात्र रंगच चढेना. मधला व्हॉल्व्हचा खड्डा गटाराच्या पाण्यानं काठोकाठ भरला होता. गावात पाणी दिवसाआड, तेही तासभर. पाणी बंद झालं की रिकामा पाइप सांध्यातून तीच घाण आत ओढायचा, आणि टाकीतून आलेलं क्लोरीन तिच्यातच संपायचं. त्या नळावर एक बाई कळशी भरत होती. तिचं लेकरू आदल्या रात्री माझ्याकडेच दाखल झालं होतं.

त्या गावाला आम्ही सलग तीन वर्षं लाल कार्ड दिलं. पाणी जोखमीचं आहे, एवढं ते कार्ड सांगतं. पाइप हलवायचा तर ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, अंदाजपत्रक लागतं, तांत्रिक मान्यता लागते आणि तो विषय लावून धरणारं माणूस लागतं. माझी पत्रं आवक रजिस्टरला चढायची आणि तिथंच थांबायची.

एम.बी.बी.एस.ला रूडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरचं नाव मी रक्ताच्या गुठळीच्या प्रश्नापुरतं पाठ केलं होतं. त्या पावसाळ्यानंतर त्याचं बाकीचं आयुष्य वाचलं. १८४८ मध्ये तेव्हाच्या प्रशियातल्या सायलेशिया प्रांतात टायफस या तापाच्या साथीची पाहणी करून आल्यावर त्यानं शिक्षण आणि लोकशाहीची मागणी केली. पुढे १८५९ पासून तो बर्लिनच्या नगरपरिषदेत होता आणि शहराच्या सांडपाण्याच्या योजनेसाठी झटला. एवढा मोठा शास्त्रज्ञ गटारांच्या बैठकांना बसत होता, याचा मला फार आधार वाटला.

जिल्हा परिषदेची निवडणूक लढवायची म्हणून २०१६च्या जुलैत मी राजीनामा दिला. सरकारी नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही आणि नुसता अर्ज देऊनही भागत नाही, राजीनामा मंजूर झाल्याचा आदेश हाती असावा लागतो. माझी फाइल दोनदा परत आली. एकदा औषध साठ्याचा पदभार दिल्याची नोंद नव्हती म्हणून, एकदा सेवापुस्तकातल्या जुन्या रजेसाठी. या वाटेनं येणाऱ्या डॉक्टरांना माझं कळकळीचं सांगणं आहे, हे दोन्ही कागद राजीनाम्याच्या आधीच पूर्ण करून घ्या. उमेदवारी अर्जाची मुदत संपायला तीन दिवस उरले, तेव्हा आदेश आला. मालमत्तेचं शपथपत्र, शौचालय वापराचा दाखला, अपत्यांचं घोषणापत्र, निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं, हे सगळं मी आधीच तयार ठेवलं होतं म्हणून निभावलं.

छाननीच्या दिवशी मी अजून सरकारी नोकर आहे, अशी हरकत आली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांसमोर मी मूळ आदेश ठेवला. त्यांनी जावक क्रमांक आणि तारीख दोनदा वाचली. अर्ज वैध ठरला तेव्हा माझे तळहात घामानं ओले झाले होते.

आमचा गट, म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, सर्वसाधारण महिलांसाठी राखीव होता, मी अपक्ष उभी राहिले. प्रचारात एका आजींनी हात धरला. ‘म्याडम, तुमी गेल्यावर आमच्या लेकरांला सलाईन कोन लावायचं?’ मी म्हटलं, ‘आजी, सलाईन लावायला दुसरे डॉक्टर येतील. पाइप हलवायला कुणी येईना, म्हणून चालले.’

२३ फेब्रुवारी २०१७ला मी निवडून आले.

जिल्हा परिषदेच्या पहिल्या सभेत मी उभी राहून क्लोरीनचं प्रमाण आणि रुग्णांचे आकडे सांगत राहिले. विषय पुढच्या सभेवर गेला. बाहेर आल्यावर एक जुने सदस्य म्हणाले, ‘ताई, निदान बरोबर आहे तुमचं. पण इथं अंदाजपत्रकाचा आकडा घेऊन यावं लागतं, आणि विषय आधी लेखी द्यावा लागतो.’ नोकरीत असताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाखा अभियंत्यांबरोबर जाऊन टेपनं लाइन मोजली. ३४० मीटर पाइप गटारातून बाहेर काढायचा होता आणि दोन व्हॉल्व्ह उंचावर बांधायचे होते. ग्रामसभेचा ठराव जोडून विषय लेखी दिला. तरीही काम पूर्ण व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला.

पाऊस सुरू झाल्यावर आशाताईंबरोबर मी त्याच खालच्या वस्तीत गेले. नळाच्या पाण्यात त्यांनी थेंब टाकले. नळी पिवळी झाली, टाकीइतकी गडद नाही, पण पिवळी. त्या पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात गाद्या टाकाव्या लागल्या नाहीत.

गटातल्या सात गावांचे पाइप असे गटारातून गेले होते. मार्च २०२२ मध्ये आमची मुदत संपून प्रशासक आले, तोवर चार गावांचं काम झालं होतं. उरलेल्या तीन गावांचे ठराव आणि मोजमापं माझ्याकडे फाइल करून ठेवली आहेत. दर पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या प्रती घेऊन मी पाणीपुरवठा विभागात जाते.