आमची वाटचाल : बादलीत भिजवून मग दुकानात

२०१४ मध्ये कुर्ते विकायला सुरुवात केली तेव्हा दुकान वगैरे काही नव्हतं, एक मोठी कापडी पिशवी होती. मी ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलने नोकरीला जायचे, आमचा आठ-दहा जणींचा डब्यातला ग्रुप होता आणि सगळ्यांची तक्रार एकच, की ऑफिसला घालायला धड कुर्ता हजाराच्या आत मिळत नाही आणि मिळाला तर तीन धुण्यांत पोतेरं होतं. मी दादरच्या हिंदमाताला आणि उल्हासनगरला फिरून वीस-पंचवीस पीस आणले, एकावर साठ-सत्तर रुपये ठेवून विकले, पगाराच्या आठवड्यात सगळे गेले. मला वाटलं झालं, आपल्याला धंदा कळला.

मग आला रेयॉन. एका होलसेलवाल्याने सांगितलं मॅडम हे चालतंय, अंगावर छान पडतं, इस्त्री नको, आणि खरंच पडतं छान, त्यात खोटं काही नाही. चाळीस पीस घेतले. पंधरा दिवसांत डब्यातलीच एक जण कुर्ता घेऊन समोर उभी, शेहेचाळीस इंच लांबी होती ती त्रेचाळीस झालेली. म्हणाली, "अगं हा आता लेकीला होईल." सगळ्या हसल्या पण मला त्या दिवशी मुलुंड ते भायखळा खिडकीतून बाहेर बघत बसायला लागलं. होलसेलवाल्याने माल परत घेतला नाही, मी मात्र ज्यांनी मागितले त्यांचे पैसे परत दिले.

घरी आईंना (म्हणजे सासूबाईंना) सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "कापड आधी भिजवलं होतंस का?" त्यांनी आयुष्यभर ब्लाउज शिवलेत. त्या दिवसापासून नियम झाला, नवीन कापड आलं की एक मीटर कापायचं, रात्रभर बादलीत, सकाळी पिळून गॅलरीत वाळवायचं आणि परत मोजायचं. इंचभर आटलं तर ठीक, सगळं कापड भिजवून मगच कापायचं. दोन-तीन इंच आटलं तर तागा परत. रंगासाठी पांढरा ओला रुमाल घेऊन कापडावर जोरात घासायचा, हे तुम्ही कुठल्याही दुकानात करू शकता, दुकानदार तोंड वाकडं करेल तर करू दे.

२०१७ ला नोकरी सोडली आणि वर्तकनगरला तळमजल्यावर एक छोटा गाळा भाड्याने घेतला. त्याच जुलैत जीएसटी आला म्हणजे मुहूर्त काय निवडला बघा. तेव्हापासून तयार माल कमी केला आणि स्वतः शिवून घ्यायला लागलो, दोन ताई कळव्याहून येतात, कटिंग मात्र आईंच्या डोळ्यासमोर.

आता स्वस्त कुर्त्यात पैसे कुठे वाचवतात ते सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. कुर्ता उलटा करून बाजूची शिवण बघा. पाव इंच माया (शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड) ठेवून ओव्हरलॉक मारलेला (म्हणजे कडा मशीनने कापून गुंफलेली) असेल तर तो कुर्ता जन्मात सैल होणार नाही, उलट दाटीत हात वर करून कडी धरली की मुंढ्यात, म्हणजे काखेशी, उसवणार. आम्ही बाजूला इंचभर माया ठेवतो, आणि बाहीला पण, नाहीतर छाती सैल केली तरी दंड आवळलेलाच राहतो. यात एका कुर्त्यामागे थोडं कापड जास्त जातं. ते आम्ही लेस, बटणं, गळ्यावरचे मणी यांच्यातून वसूल करतो, म्हणजे ते लावतच नाही. म्हणून आमचा ५९९ चा कुर्ता हँगरवर साधा दिसतो, हे मला मान्य आहे. खिसा मात्र प्रत्येकाला असतो, त्यावर नो कॉम्प्रोमाइज.

आणि साइझचं म्हणाल तर एम, एल, एक्सेल विसरा. प्रत्येक कंपनीचा एल वेगळा. तुम्हाला नीट बसणारा एक जुना कुर्ता घेऊन या, तो टेबलावर पसरायचा, काखेखाली आडवं मोजायचं आणि दुप्पट करायचं, दोन मिनिटांचं काम.

सणाच्या कपड्यांचा धडा मिळाला २०२० ला. पाडव्यासाठी काठ लावलेले साठ कुर्ते तयार ठेवले होते, ठाण्यातली शोभायात्रा म्हणजे आमचा वर्षाचा सीझनच. पाडवा होता २५ मार्चला आणि २४ च्या रात्री लॉकडाऊन. दोन महिने माल घरात दिवाणाखाली. पुढे बायका विचारायला लागल्या ते घरात घालायला सुती, ढगळ काहीतरी आहे का. शेवटी आम्ही दोघी सासू-सुना बसलो आणि साठच्या साठ कुर्त्यांचे काठ उसवले. टाक्यांची रेघ राहत होती तिच्यावर पायपिंग टाकली आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर साडेतीनशेला विकले. तोटाच झाला, पण तेव्हापासून सणाचा कुर्ता आम्ही प्लेनच करतो, काठ सगळा ओढणीला. सणाला ओढणी घ्या, सोमवारी तोच कुर्ता ऑफिसला घाला.

खणाचा एक अपवाद. खण मुळात चोळीचं कापड, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण अरुंद पन्ह्याचा, म्हणजे रुंदीला कमी, त्यात अख्खा कुर्ता बसवायचा तर जोड द्यावे लागतात आणि परवडतही नाही. म्हणून आम्ही फक्त योक (खांद्याखालचा छातीवरचा तुकडा) आणि बाहीची पट्टी खणाची करतो, बाकी सुती.

नवरात्राचं गणित पण सात-आठ वर्षं हात पोळल्यावर कळलं. पहिल्या सात दिवसांचे रंग वारावर असतात, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी, रविवार नारिंगी. हे जूनमध्येच शिवून ठेवता येतात. शेवटचे दोन कधी मोरपिशी, कधी गुलाबी, कधी जांभळा, ते यादी आल्याशिवाय कापायचे नाहीत. राखाडी दरवर्षी उरतो आणि दरवर्षी दिवाळीनंतर तोच ऑफिसवाल्या आधी उचलतात. २०२५ ला तर घटस्थापना आणि जीएसटीचे नवे दर एकाच दिवशी, २२ सप्टेंबरला. हजारावरच्या कपड्यांना बारा टक्के होते ते अडीच हजारापर्यंत पाच झाले, आमचे ओढणीसकटचे सेट तेराशेचे, त्यामुळे ऐन गर्दीत पांढऱ्या कुर्त्यात बसून मी लेबलं बदलत होते.

सध्या संक्रांतीसाठी काळ्या कापडाची निवड चालू आहे. काळा सगळ्यात फसवा. परवा एक तागा आला, हाताला इतका मऊ की मी जवळजवळ ऑर्डर देऊनच टाकली होती. रात्री बादलीत टाकला तुकडा. सकाळी आईंनी हाक मारली, पाणी वांग्यासारखं जांभळं. दुसऱ्यांदा भिजवला, परत तेच. तागा आज परत चाललाय, दुसरा गुरुवारी येईल.