ज्याला जो शेवट हवा

जेवण जड झालं की मला मूकपट लागतो. आवाज नाही, त्यामुळे मध्येच डुलकी लागली तरी घरात कुणाला पत्ता लागत नाही. परवा दुपारी हॉलिवूडची नटी ग्रेटा गार्बो हिचा १९२७ सालचा ‘लव्ह’ लावला. मूळ टॉलस्टॉयची ‘ॲना कॅरेनिना’. गार्बो आणि तिचा नायक जॉन गिल्बर्ट यांचं पडद्याबाहेरही जुळलं होतं, मग थिएटरच्या पाटीवर ‘गार्बो अँड गिल्बर्ट इन लव्ह’ झळकवायची संधी एमजीएम स्टुडिओ कशाला सोडतोय! कादंबरीतला दुसरा नायक लेव्हिन आणि त्याची शेतीवाडी पार गुंडाळून ठेवलेली.

डुलकी काही लागली नाही. शर्यतीत ॲनाचा प्रियकर व्रॉन्स्की घोड्यावरून पडतो आणि नवऱ्याच्या डोळ्यांदेखत तिचा चेहरा सगळं बोलून जातो. पुढे घर सोडल्यावर मुलाच्या वाढदिवसाला ती खेळणी घेऊन चोरासारखी स्वतःच्याच घरात शिरते. गार्बो तेव्हा जेमतेम बाविशीची, मुलगा दहाच्या आसपासचा. आई कसली, ताईच वाटते. तरी त्याला कवटाळते तेव्हा आपलाच घसा दाटतो.

आणि या सिनेमाला शेवट दोन! एकात कादंबरीप्रमाणे ॲना रेल्वेखाली जीव देते. दुसऱ्यात नवरा मरतो आणि काही वर्षांनी ती आणि व्रॉन्स्की पुन्हा भेटतात. थिएटरवाल्याने आपलं गिऱ्हाईक बघून हवा तो लावायचा.

आमच्या वाचनालयात याहून बरी सोय होती. कादंबरीच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असायचं, ‘शेवटी ती मरते.’ खाली दुसऱ्या अक्षरात, ‘गाढवा, सांगितलंस कशाला?’ त्याखाली ग्रंथपालांची निळी शाई, ‘पुस्तकात लिहू नये.’ आई असं पुस्तक तिथल्या तिथे परत ठेवायची. आत्या मात्र नेमकं तेच उचलायची. दुपारी भांडी आवरून, दार लोटून, रडायचं ठरवूनच बसायची. तेव्हा कुणी चहा मागितला तर खैर नसे.

मी आत्याच्या पार्टीतला. गोड शेवटही बघितला, नाही असं नाही. हसूच आलं. टॉलस्टॉयने एवढी पानं खर्ची घातली ती काय यासाठी?

पण त्या पोराचं काय? एका शेवटात त्याची आई जाते, दुसऱ्यात बाप. कुठला लावायचा, हे थिएटरवाल्याला विचारलं. त्या पोराला कुणी विचारलं नाही.