सरांना मी काहीच का विचारलं नाही

"चौदा महिने त्यांच्या एडिटला बसलात आणि एकही प्रश्न विचारला नाहीत?" सर त्यांचा सिनेमा एडिट करत होते, त्यावरची माझी डॉक्युमेंटरी बघून झाली की हे कुणीतरी विचारतंच. सर नुसते गप्प बसलेले दिसतात, त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नाही, ही तुमची तक्रार.

नाहीच कळत. मलाही कळत नव्हतं. विचारलं असतं तर सरांनी छान सांगितलं असतं, पण ते मागाहून जुळवलेलं असतं. तुम्ही लेस ब्लँकच्या 'बर्डन ऑफ ड्रीम्स'चा (१९८२) दाखला देता. दिग्दर्शक वर्नर हर्झॉग सिनेमा करत असताना त्याच्यावर काढलेली डॉक्युमेंटरी ती. हर्झॉग त्यात कॅमेऱ्याशी भरभरून बोलतो, कबूल. पण तिथे पेरूच्या जंगलात डोंगरावर चढवायचं अख्खं जहाज समोर आहे. बोलणं त्याच्याशी ताडून बघता येतं. एरंडवण्यातल्या दोन खोल्यांत माउसवर हात ठेवून बसलेल्या माणसाचं कशाशी ताडणार?

हे उत्तर मी कित्येकदा दिलंय. खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

जुलैतली दुपार होती. सर एका शॉटवर अडले होते. म्हातारी गिरणीतून दळण घेऊन येते, दाराशी थांबते, कुलूप काढत नाही. एकोणीस सेकंद. शॉट काढला की सीन पळायचा, ठेवला की तुंबायचा. चार तास तेच. शेवटी सरांनी तो काढला, खुर्ची फिरवली आणि थेट मला विचारलं, "काय गं, राहू दे का?"

बोलायचं नाही, हा माझा नियम. बोलले नाही. पण मान हलली, हो अशी. सरांनी शॉट परत लावला. त्यांच्या सिनेमात तो आजही आहे.

माझ्या डॉक्युमेंटरीत सर शॉट काढतात आणि पुढच्या कटला तो परत लागलेला असतो. मधलं खुर्ची फिरवणं मी कापलं. फिल्म सरांवर आहे, माझ्यावर नाही, असं तेव्हा स्वतःला बजावलं. अगं, पण मग प्रेक्षकांना तू काय दाखवलंस? एकट्याने निर्णय घेणारा माणूस? तो तर त्या खोलीत नव्हताच.

तरीही प्रश्न विचारायला हवे होते, हे मला आजही पटत नाही.

मागच्या महिन्यात ते कापलेलं फुटेज सरांना दाखवलं. "तू मान हलवलीस? मला वाटलं, तू व्ह्यूफाइंडरमध्येच बघत होतीस," म्हणाले. पुन्हा लावलं. सर कॅमेऱ्याकडे बघतायत. फ्रेम किंचित हलते, मग ते वळतात.