तोंड आधी कोरडं का पडतं

लघवीची घाई आवरावी म्हणून ऑक्सिब्युटिनिन सुरू केलं. आठवडा झाला, घाई होती तेवढीच आहे, तोंड मात्र इतकं कोरडं की पेशंट सारखा पाण्याचे घोट घेतोय. पाणी वाढलं म्हणजे लघवीही वाढणारच! औषध चुकलंय असं इथे वाटतं, पण ते अगदी त्याच्या क्रमाने काम करत असतं.

ऑक्सिब्युटिनिन हे अँटिमस्कॅरिनिक औषध. अशी औषधं ॲसिटिलकोलीनला, म्हणजे नसांचा निरोप अवयवांना देणाऱ्या रसायनाला, मस्कॅरिनिक रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवर, बसू देत नाहीत. मात्र सगळे अवयव एकाच डोसला दबत नाहीत. याच गटातलं ॲट्रोपिन वाढवत नेलं की आधी लाळ, घाम आणि श्वासनलिकेतला स्राव आटतो. मग बाहुल्या मोठ्या होतात, जवळचं वाचता येत नाही, नाडी पळते. त्यानंतर मूत्राशय आणि आतडं सैलावतं, आणि जठरातलं ॲसिड सगळ्यांत शेवटी. मूत्राशय गाठायचं तर वाटेत लाळ लागतेच. अल्सरवर ही औषधं मागे पडली ती यामुळेच. डॅरिफेनासिनसारखं एम-३ वर (मूत्राशय आवळणाऱ्या मस्कॅरिनिक रिसेप्टरच्या प्रकारावर) जास्त नेम धरणारं औषधही यातून पूर्ण सुटत नाही, कारण लाळग्रंथीतही एम-३ आहेतच.

सुटका दोन प्रकारे होते. एक, रेणूवर कायमचा विद्युतभार असला की तो मेंदूत सहसा शिरत नाही, म्हणून ग्लायकोपायरोलेटने ॲट्रोपिनइतकं भ्रमिष्टपण येत नाही. दुसरं, औषध थेट जागेवर द्यायचं. डोळ्याचा पडदा तपासायला बाहुली मोठी करणारे ट्रॉपिकामाइडचे थेंब पुरतात, साधारण ४ ते ६ तासांत उतरतात. ॲट्रोपिनचे थेंब आठवडाभर किंवा जास्तच रेंगाळतात. पण जागेवर दिलेलं औषध जागेवरच राहतं असं नाही. नेब्युलायझरचा मास्क सैल असला की दम लागण्यावरच्या इप्राट्रोपियमची वाफ डोळ्यात जाते, आणि डोळ्यातला द्रव बाहेर निघण्याचा कोन अरुंद असेल तर काचबिंदूचा झटका येऊ शकतो. अशांना माउथपीस द्यावा. प्रवासातल्या मळमळीसाठी कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच हाताळून तोच हात डोळ्याला लागला तर एकच बाहुली मोठी होते. पॅचबद्दल कुणी विचारलं नाही तर मेंदूचा स्कॅन होऊन बसतो.

ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत हिशेब उलटा असतो. त्यात ॲसिटिलकोलीन साचतं आणि छाती स्रावाने भरते. तिथे आटवणं हेच हवं असतं. प्रौढांना १ ते ३ मिलिग्रॅम ॲट्रोपिन शिरेतून द्यायचं, ५ मिनिटांनी पुन्हा पाहायचं, फरक नसेल तर डोस दुप्पट. थांबायचं कधी? छाती ऐकून. घरघर गेली, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, की पुरे. बाहुल्यांवर भिस्त ठेवायची नाही. त्या उशिराही पसरतात. नाडी वेगात आहे म्हणून ॲट्रोपिन रोखणं ही तर मोठीच चूक, कारण ऑक्सिजन कमी पडल्यानेही ती पळते. मग एकूण लागलेल्या डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला ठिबकातून. पुढे ताप, बडबड आणि आतड्याचा आवाज बंद असं तिन्ही दिसलं की डोस जास्त झालाय. ठिबक थांबवून नंतर कमी वेगाने सुरू करायचं.

म्हाताऱ्या माणसांत मात्र एकेका औषधापेक्षा बेरीज नडते. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, झोपेसाठीचं ॲमिट्रिप्टिलिन, वर मूत्राशयाची गोळी: तिन्हींत हाच गुण असतो, पण या यादीत 'अँटिमस्कॅरिनिक' असं कुठेच लिहिलेलं नसतं. प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी तुंबते, शौचाला होत नाही, विसरभोळेपणा वाढतो. तो स्मृतिभ्रंश समजून डोनेपेझिल दिलं जातं, डोनेपेझिलने लघवी सुटते, आणि त्यावर पुन्हा ऑक्सिब्युटिनिन. एक औषध ॲसिटिलकोलीन वाढवतंय, दुसरं त्याची वाट अडवतंय. अशा वेळी आधी गोळ्या कमी कराव्यात. मूत्राशयासाठी लागलंच तर मिराबेग्रॉन पाहावं. ते बीटा-३ या वेगळ्या रिसेप्टरवर काम करतं, पण रक्तदाब तपासत राहावा लागतो.