उजनीला गेलतो, खडशी मिळाला म्हणून नाचलो, निघाला सायप्रनस

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी आणि मेव्हणा उजनी धरणावर मासे धरायला पहाटे पाचला सोलापूरवरनं निघालो, टेंभुर्णीत चहा, तिथनं करमाळा रोडनं कंदर. दोन्ही बाजूला केळीच्या बागा. बॅकवॉटर, म्हणजे धरणाच्या भिंतीमागं पसरलेलं पाणी, ह्या दिवसात मागं सरकायला लागतं आणि काठ उघडा पडतो म्हणून हा महिना निवडला. धरणाच्या भिंतीकडं गळ घेऊन जाऊ नका, तिथं परवानगी नाही. बॅकवॉटरलाही आधी तिथल्या मच्छीमारांना विचारा, त्यांची जाळी लावलेली असतात आणि आपला गळ त्यात अडकला की बोलणी खावी लागतात, आम्ही खाल्ली.

साडेआठच्या सुमाराला माझी काठी वाकली. दीड किलोचा असेल, सोनेरी, जाड ओठ, तोंडाला मिशा. मी ओरडलोच, खडशी! म्हणजे आपल्या दख्खनचा महाशीर. मेव्हण्यानं फोटो काढला, मी लगेच स्टेटसला टाकला, आईला फोन करून पण सांगितलं. जाळं सोडवत बसलेले एक मामा हे सगळं बघत होते. ते उठून आले, मासा हातात घेतला आणि म्हणाले, "मालक, खडशी न्हाई ह्यो, सायप्रनस हाय." सायप्रनस म्हणजे कॉमन कार्प.

मी वाद घातला, मिशा आहेत की ओ. तर म्हणाले मिशा दोघांना बी असत्यात, पाठ बघा. पाठीवरचा पंख लांबलचक, जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेला, म्हणजे सायप्रनस. खडशीचा पंख आखूड, पाठीच्या मधोमध उभा. दुसरी खूण खवल्यांची. खडशीचं खवलं मोठं, बाजूच्या रेषेवर मोजली तर २५ च्या आसपास भरतात, सायप्रनसची ३५ च्या वर जातात. मी मोजली, ३७.

मेव्हणा म्हणाला मग काय झालं, मासा तो मासा. पण मला लागलं ते वेगळंच. हा सायप्रनस १९५७ साली बँकॉकवरनं भारतात आणलेला. खडशी मात्र इथलाच, १८३९ मध्ये कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची शास्त्रीय नोंद केली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून, आणि ते पाणी भीमेतनं उजनीतच येतं. म्हणजे घरच्या माणसाचं नाव घेऊन मी पाहुण्याचा फोटो टाकला होता. मामांना विचारलं खडशी शेवटचा कधी बघितला, तर जरा थांबून म्हणाले, धाकटा पोरगा शाळंत होता तवा. तो पोरगा आता टेम्पो चालवतो.

खडशीला वाहतं पाणी आणि खडी लागते अंडी घालायला. धरण १९८० ला पूर्ण झालं, नदीवर ठिकठिकाणी बंधारे आले, वाळू उपसली, वरनं पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं, आणि उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्या खाली जातं ते वेगळंच. त्यात वडाप, म्हणजे बारीक आसाचं मोठं जाळं, त्यातनं बोटाएवढं पिल्लूसुद्धा सुटत नाही. आम्ही बसलो त्या काठाच्या गाळात ताटाएवढे गोल खड्डे दिसत होते, मामा म्हणाले ही चिलाप्यांची, म्हणजे तिलापिया माशांची घरं. नर खड्डा करतो, मादी अंडी तोंडात सांभाळते, तिला ना खडी लागते ना वाहतं पाणी. आता जाळ्यात जास्त तीच येते म्हणे.

बाकी ओळखायचं असेल तर सोपं सांगतो. कटला म्हणजे मोठं डोकं, वर वळलेलं तोंड, मिशा नाहीत. रोहूचा खालचा ओठ झालरीसारखा, मृगळ सडपातळ आणि ओठ साधा, मार्केटमध्ये कधी कधी मृगळ रोहू म्हणून खपतो त्यामुळं ओठ उलटून बघा. आणि ह्या तिघांना गावठी म्हणू नका, हे गंगेकडचे, बियाणं आणून सोडलेले. शिंगाडा ह्या माशात दोन प्रकार, एकाच्या मिशा पार शेपटीच्या बुडापर्यंत जातात, दुसऱ्याच्या आखूड. मरळ बघताना पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका दिसला तर तिथं गळ टाकू नका, खाली आई-बाप राखण करत असतात, त्यांना काढलं की पिल्लं इतर माशांच्या पोटात.

जाणार असाल तर गाळाची काळजी घ्या. वरनं वाळलेला दिसतो, मेव्हणा गुडघ्यापर्यंत गेला, चप्पल अजून तिथंच आहे. पाणी हिरवट, वास येतो, तोंड धुवायलाही घरचंच न्या. भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या, काठावर काही मिळत नाही. आमिषाला कणकेच्या गोळ्यात पेंड मिसळली की सायप्रनस येतो, गांडुळाला शिंगाडा. शिंगाड्याच्या काट्यापासनं बोटं सांभाळा. जून ते ऑगस्ट मासे अंड्यावर असतात, तेव्हा जाऊच नका. मोठ्या खवल्याचा, आखूड पंखाचा खरंच लागला तर हात ओले करून धरा, पंख उघडून एक फोटो, आणि लगेच पाण्यात.

येताना अंधार करू नका, उसाच्या ट्रॉल्यांना मागं लाइट नसतो. आम्ही नऊला घरी. आईनं मासा कापायला घेतला, एक तुकडा उजेडात धरला आणि म्हणाली, "खडशी म्हणालावतास की रे फोनवर?" स्टेटस तोपर्यंत चाळीस जणांनी बघितलं होतं.